मांजर दिसल्याशिवाय शिफारस नाही

"काका, तुम्ही शेवटचं कधी हसलात?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि हॉलमधला पंखासुद्धा क्षणभर अवघडल्यासारखा वाटला. बाबांचा कप ओठांपाशी अडला. आईने बशीतली बिस्किटं, जी आधीच सरळ होती, ती पुन्हा सरळ केली. आत्या सोफ्याच्या कडेला बसली होती, ती आणखी कडेला सरकली; अजून बोटभर सरकली असती तर थेट जमिनीवर आली असती. आणि ज्यांना विचारलं ते पाहुणे, टाइल्सच्या मोठ्या शोरूमचे मालक, त्यांनी आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग नववीतल्या त्या पोरीकडे, मग परत घड्याळाकडे. घड्याळ त्यांना जास्त आवडलं असावं.

"मोठ्यांच्या बोलण्यात मुलांना बसवायची पद्धत आहे वाटतं तुमच्याकडे," ते बाबांना म्हणाले.

बाबा हसले. बाबांचं हे हसू खास ठेवणीतलं होतं, फक्त स्वतःच्या साहेबांसाठी आणि बहिणीला बघायला आलेल्यांसाठी काढलेलं. "टकळी म्हणतो आम्ही हिला. एकदा सुरू झाली की थांबत नाही. मनावर घेऊ नका."

"मी कशाला घेऊ मनावर," पाहुणे म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून उठले.

प्रश्न टकळीचा नव्हता, पैजेचा होता. शाळेच्या जिन्यात भिंग आणि रडूबाई या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात बांधला होता. भिंगच्या नाकावर जाड काचांचा चष्मा असायचा, आणि रडूबाई ड्रामाची नुसती जाहिरात लागली तरी रुमाल शोधायची. "विचारायचा म्हणजे विचारायचा," भिंगने बजावलं होतं. "नाही विचारलास तर ती राजवाडेवाली साठ एपिसोडची मालिका अख्खी बघायची." त्या मालिकेत पहिले दहा एपिसोड राणीचा फक्त अंबाडा बदलतो. त्यापेक्षा पाहुण्यांचा अपमान परवडला.

पाहुणे गेले. स्वयंपाकघरात आत्याने कप ओट्यावर ठेवले आणि टकळीचे दोन्ही हात घट्ट धरले. टकळीला वाटलं, आता आपली काही खैर नाही.

"ऐकलंस, कसा बोलला?" आत्याचे डोळे लकाकत होते.

"ऐकलं ना! अगदी त्या ड्रामातला लिफ्टवाला हिरो!"

"अगं, लिफ्टवाल्यापेक्षाही. लिफ्टवाला निदान चहा संपवतो!"

दोघी ओट्याला टेकून उड्या मारायला लागल्या. आई भांडी उचलायला आली, दोघींकडे बघितलं आणि भांडी न उचलताच परत गेली.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण टकळी काही जन्मापासून टकळी नव्हती. गेल्या वर्षापर्यंत बाईंनी वर्गात उभं केलं की ती स्वतःच्या बुटाला उत्तर द्यायची. मग तिला फोनवर 'पुढचं काय बघू?' हा ग्रुप सापडला. कोरियन, चिनी, जपानी, थाई प्रेमाचे ड्रामे बघणाऱ्या बायका-मुलींचा तो ग्रुप. तिथे दिवसरात्र एकच आक्रोश चालायचा: 'बेकरीवाली संपली, आता मी जगू कशी, तसलंच काहीतरी सांगा.' लगेच बाकीच्या दहा-दहा नावं ओतायच्या, जी आजारी ती तशीच राहायची.

टकळीने पहिल्यांदा काही लिहिलं ते नाव नव्हतं, प्रश्न होता: 'कुठला सीन मागे नेऊन परत बघितलास?'

समोरची लिहायची, तो तिच्या बुटाची नाडी बांधतो तो. मग टकळी एकच नाव द्यायची. एकच. आणि ते बरोब्बर लागू पडायचं. एका हॉस्पिटलातल्या सिस्टर तीन दिवस गायब होत्या, परत आल्या तेव्हा त्यांनी लिहिलं, 'या मुलीला कुणीतरी डॉक्टर म्हणा रे.' त्या दिवशी टकळीची पाठ सरळ झाली, तिला कंठ फुटला, आणि आता शाळेतल्या बाई मनातल्या मनात ती बुटाशी बोलणारी मुलगी परत मागत होत्या.

आत्या ही तिची घरातली पहिली पेशंट, ग्रुपमध्येही तिनेच ओढलेली. बाबांची धाकटी बहीण, वय चौतीस, नोकरी चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांच्या नाकावर नंबर तपासायची ती जड लोखंडी चौकट चढवायची, काचा बदलायच्या आणि विचारायचं, "आधीचं स्पष्ट दिसत होतं की आताचं?" संध्याकाळी घरी आली की लोक तिच्याकडे अशा नजरेने बघायचे, जशी शेवटची बस चुकलेल्या माणसाकडे बघतात. आत्या मात्र बसची वाट बघत नव्हती. ती टकळीच्या पुढच्या शिफारशीची वाट बघायची.

तिचा मागे नेलेला सीन नेहमी एकच असायचा: सगळ्यांशी खडूस वागणारा माणूस पहिल्यांदा विरघळतो तो. मग टकळीने तिला खडूसांचा रतीबच लावला. खडूस वकील, खडूस सर्जन, खडूस राजपुत्र. एक तर आधीच मेलेला होता, भूत होऊन आला होता, तरी खडूस. आत्याने सगळे बघितले, सगळ्यांना माफ केलं. एवढं करून तिच्या डोळ्यांना अशी काही सवय लागली की तोंड वाकडं करून बसलेला कुठलाही पुरुष दिसला की तिला वाटायचं, किती खोल दुःख असेल बिचाऱ्याच्या मनात. त्याला नुसती आम्लपित्ताची तक्रार असू शकते, हे तिच्या डोक्यात यायचंच नाही.

आणि खरं सांगायचं तर टकळीच्याही नाही. शिवाय टकळीचा यात एक फायदा होता. घरात झोपायच्या खोल्या दोन. एक आईबाबांची, एक आत्याची; छोटीशी, पण खिडकी असलेली, दाराला आतून कडी असलेली. टकळी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची, उशाशी फ्रिज. फ्रिज अधूनमधून असा काही गुरगुरायचा की ऐन चुंबनाच्या सीनला तिला हेडफोन दाबून धरावे लागायचे. "आत्याचं ठरलं की खोली तुझी," बाबांनी कधीच जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे खडूस पाहुणे दारातून आत आले तेव्हा टकळीला एकाच वेळी दोन गोष्टी दिसल्या: आत्याचा हिरो आणि स्वतःची कडी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने सगळं साग्रसंगीत सांगितलं. रडूबाईने रुमाल काढला. "चहा अर्धा सोडला? म्हणजे नक्की कुणीतरी त्याला चहाच्या टेबलावर सोडून गेलं असणार गं."

भिंगने चष्मा वर सरकवला. "ते सगळं ठीक. पण मांजर कुठंय?"

टकळीने कपाळावर हात मारला. ग्रुपचा हा सगळ्यात कडक नियम होता. खडूस हिरो आवडतो म्हणून कुठलाही खडूस चालत नाही. खरा हिरो तिसऱ्या एपिसोडच्या आत, कुणी बघत नाही असं त्याला वाटत असताना, पायरीवर बसून भटक्या मांजराला दूध पाजताना सापडतोच. ज्याचं मांजर सापडत नाही तो हिरो नाही, तो नुसता उद्धट शेजारी. त्याची शिफारस करायची नाही. शिफारस करणारी बाई ग्रुपमधून महिनाभर बाहेर.

"शनिवारी मांजर बघायला जाऊ," टकळी म्हणाली. "शोरूममध्ये."

"आणि नसलं तर?"

"त्याचं मांजर असणारच. एवढा खडूस आहे!"

शनिवारपर्यंत तिकडून होकार आला होता; आत्याचं उत्तर तेवढं बाकी होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिघी दप्तरांसकट टाइल्सच्या शोरूममध्ये शिरल्या. आत गार हवा होती आणि कुठेच न संपणारी चकचकीत फरशी. एका बाजूला रांगेने कमोड मांडलेले. झाकणं उघडी टाकून वाट बघणारे, दाताच्या डॉक्टरकडचे पेशंट जसे. काउंटरवर क्लिपने केस बांधलेली एक ताई होती.

"काय दाखवू?"

"आमच्याकडे बाथरूम करायचंय," टकळी म्हणाली.

"मापं आणलीत?"

"भरपूर मोठं आहे," रडूबाई म्हणाली, आणि खोटं बोलल्यामुळे तिचे डोळे पाणावले.

भिंगचेही पाणावले होते, पण कुठल्याशा चिकटवायच्या पदार्थाच्या वासाने. तिने चष्मा काढून एका मांडून ठेवलेल्या बेसिनच्या कडेवर ठेवला आणि डोळे चोळू लागली. तेवढ्यात टकळीने तिच्या कोपराला असा चिमटा काढला की ती कळवळली.

मागचं दार उघडं होतं. दाराच्या पायरीवर एक करड्या रंगाचं मांजर होतं. मांजरापुढे स्टीलची वाटी होती. आणि वाटीवर वाकलेला, हात पुढे केलेला, कपाळावर केसांची एक बट आलेला माणूस होता.

पाहुणे! त्यांच्या कपाळावर बट आहे हे त्या दिवशी हॉलमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मागून उन्हाचा झोत येत होता. पोस्टर छापायचं असतं तरी यापेक्षा बरं जमलं नसतं.

टकळीने फोन काढून फोटो घेतला. टिक.

"चला, चला, बघेल!" आणि तिघी बाथरूमबद्दल आईला विचारून येतो असं काहीतरी पुटपुटत बाहेर धावल्या.

बस स्टॉपवर पोहोचेपर्यंतही टकळीला धीर निघाला नाही. चालता चालता तिने फोटो ग्रुपवर टाकला: 'खरा माणूस. टाइल्सवाला. माझ्या आत्याला सांगून आलाय. मांजर सापडलं!!!' ग्रुपवर जे काही सुरू झालं त्याला दिवाणखान्यात फुटलेलं पाण्याचं पिंप म्हणावं लागेल. सिस्टरनी सलग नऊ हृदयं पाठवली. कुणी म्हणालं, बट बघा बट. कुणी म्हणालं, मी नवऱ्याला सोडून येते, त्यांना भाऊ आहे का?

आणि त्या सगळ्या गदारोळात चष्म्याच्या दुकानातून आत्याचा निरोप आला, फक्त टकळीला: 'फोटो बघितला. दादाला फोन केला. हो सांगितलं. गडबडीत एका आजोबांना उलटी काच बसवली गं.'

"हो म्हणाली!" टकळी किंचाळली. स्टॉपवरचा एक गृहस्थ दचकून दुसऱ्याच बसमध्ये चढला.

"काय लिहिलंय, दाखव की," भिंग म्हणाली, फोन नाकाला लावला, मग लांब धरला. "मला काहीच दिसत नाहीये. अरे, माझा चष्मा!"

"म्हणजे तू मांजर बघितलंच नाहीस?"

"मला काहीतरी करडं दिसलं. मला वाटलं मॅट फिनिशची टाइल आहे."

टकळी एकटीच परत धावली. ती त्या दिवशी इतकी खुशीत होती की तिला चष्माच काय, बेसिनही उचलून आणायला सांगितलं असतं तर तिने आणलं असतं.

शोरूमच्या दारातच तिला आवाज ऐकू आला, आणि ती एका शॉवरच्या काचेच्या खोक्यामागे थबकली. मागचं दार अजून उघडं होतं. वाटी आता पाहुण्यांच्या हातात होती. मघाशीही ते वाटी ठेवत नव्हते. ते वाटी उचलत होते.

"किती वेळा सांगितलं, ही घाण माझ्या दारात नको म्हणून?"

"सर, पिल्लं आहेत तिला," काउंटरवरची ताई म्हणाली. "माझ्या डब्यातलंच दूध देते मी."

"मग त्या पिल्लांना घेऊन घरी बस. माझी काही हरकत नाही." त्यांनी बुटाच्या टोकाने मांजराला पायरीवरून ढकललं. लाथ म्हणावी इतकं जोरात नाही. जसा माणूस फाटका कागद बाजूला सारतो तसं, फारसं न बघता. मग वाटी आत भिरकावली. वाटी खणखणत कमोडांच्या रांगेपर्यंत गेली, आणि दूध सगळं त्या चकचकीत फरशीवर.

"पूस. गिऱ्हाईक यायच्या आत."

ताई फडकं घेऊन लगबगीने आली. दुधावर पाय पडला आणि ती सरळ आपटली. कोपर फरशीवर, क्लिप सुटलेली, केस तोंडावर.

आणि पाहुणे हसले.

खरोखर हसले, मनापासून, मान मागे टाकून. "बघ, फिनिशिंग कसलं आहे आपल्या मालाचं! गिऱ्हाइकांना हेच दाखवत जा." हसताना त्यांच्या डाव्या गालाला खळी पडत होती. फार सुंदर खळी होती. अशा खळीसाठी ग्रुपवरच्या बायकांनी सोळा सोळा एपिसोड कळ काढली असती.

मग त्यांना टकळी दिसली.

"तू ती, त्यांच्या घरची. हसण्याबद्दल विचारत होतीस ना?" खळी अजून तशीच होती. "बघून घे आता."

नेहमीची टकळी असती तर तिने तिथल्या तिथे शालजोडीतले दिले असते. पण तिची जीभ गेल्या वर्षीच्या जागी जाऊन बसली होती, पार बुटांपाशी. तिने बेसिनवरचा चष्मा उचलला. मग वाकून ताईची क्लिप उचलून तिच्या हातात दिली, आणि निघाली.

घरी पोहोचली तर घरात मोठा आनंद चालला होता. बाबा आत्याच्या खोलीत गुडघ्यावर बसून टेपने भिंत मोजत होते. "ये ये, टकळे! टेबल खिडकीखाली बसतंय बघ. वर पुस्तकांची फळी मारू." आई दारात उभी राहून कपाट कुठे सरकवायचं ते सांगत होती. आत्या दुकानातून लवकर आली होती आणि स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखी पलंगाच्या कोपऱ्यावर बसून लाजत होती.

खिडकीतून उजेड येत होता. दाराची कडी होती तिथेच होती. टकळीच्या मनात एक फार समजूतदार आवाज बोलायला लागला. आवाज म्हणाला, तू नक्की काय बघितलंस? एक वाटी. एक माणूस. माणसाचा दिवस वाईट जाऊ शकतो. त्याला मांजराची ॲलर्जी असेल. लहानपणी मांजर चावलं असेल. तू आली नसतीस परत तर? समज आलीच नाहीस.

हा आवाज टकळीला ओळखीचा वाटला. आठवायला वेळ लागला नाही. तोच आवाज रोज ग्रुपवर लिहायचा: 'धीर धरा गं, दहाव्या एपिसोडपर्यंत थांबा.' तिने स्वतःच किती जणींना तसं लिहिलं होतं.

"आत्या, गच्चीवर चल जरा," ती म्हणाली.

गच्चीवर तिने सगळं सांगितलं. वाटी, बूट, दूध, कोपर, खळी. आत्या ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा पडण्याऐवजी हट्टी होत गेला.

"अगं, कामाच्या ठिकाणी माणसाला कडक राहावंच लागतं."

"आत्या."

"सर्जनसुद्धा पहिल्यांदा नर्सवर केवढा ओरडतो! मग कळतं ना, त्याची आई हॉस्पिटलात गेलेली असते म्हणून. ह्याच्याही मागे काहीतरी असेल. असणारच."

"आत्या, त्याला फ्लॅशबॅक नाहीये गं."

"तुला काय माहीत?"

"त्याची आई परवा फोनवर होती बाबांशी. ठणठणीत आहे. तीही तशीच बोलते."

आत्या कठड्याकडे वळली. टकळीला काय बोलावं कळेना, आणि जेव्हा काय बोलावं कळत नाही तेव्हा माणूस आपल्या धंद्यातलं बोलतो. तिने विचारलं, "बरं, कुठला सीन मागे नेऊन परत बघावासा वाटला?"

"काय?"

"त्याचा. तो घरी आला, दोनदा फोनवर बोललात, एकदा दुकानात येऊन गेला. त्यातला कुठला?"

आत्याने विचार केला. प्रामाणिकपणे केला, ती प्रत्येक शिफारशीच्या वेळी करायची तसाच. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना.

"फोटो," ती शेवटी म्हणाली. "मांजराचा."

"त्याशिवाय?"

स्कूटर सुरू झाली, गेली.

"त्याशिवाय काही नाही," आत्या म्हणाली. तिने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला. मग एकदम विचारलं, "हसतो तेव्हा कसा दिसतो?"

"खळी पडते."

"चांगली?"

"खूप."

"शी!" आत्या म्हणाली. आणि मग दोघींना हसू आलं, जे अगदी चुकीच्या जागी येतं आणि मग आवरतच नाही तसलं. हसता हसता आत्याचे डोळे भरून आले आणि चष्मा परत पुसावा लागला.

खाली येऊन तिने सरळ सांगितलं. "दादा, माझा नकार कळव त्यांना."

बाबा टेप गुंडाळत होते, तो हातातून सुटला आणि सर्रकन आपल्या डबीत जाऊन बसला. त्यापुढचा तासभर घरात जे झालं ते शेजाऱ्यांना तोंडपाठ आहे. बाबांचं नाक कापलं गेलं, बाबा तोंड दाखवायच्या लायकीचे उरले नाहीत, चौतिसाव्या वर्षी भाव कसला खायचा, वाटी एका मांजराची आणि सत्यानाश अख्ख्या घराचा. आत्याने एकदाही आवाज चढवला नाही. "मी नाही म्हणाले, दादा," एवढंच ती म्हणत राहिली, जसं दुकानात म्हणते, आधीचं बरं की आताचं. शेवटी तिने खोलीत जाऊन कडी लावली.

तेवढ्या वेळात टकळीने ग्रुपवरचा फोटो काढून टाकला आणि खरं काय ते लिहिलं. तिला वाटलं होतं, सगळ्या हळहळतील. पहिलंच उत्तर आलं: 'पण बट तर खरी होती ना?' दुसरं आलं: 'वाटी फेकली म्हणजे आतून किती जखमी असेल.' फक्त सिस्टरनी लिहिलं, 'पडलेल्या ताईचं कोपर सुजलं असेल तर बर्फ लावायला सांग.' टकळीला वाटलं, ग्रुपमध्ये डॉक्टर कुणाला म्हणायचं यात आपली जरा गल्लत झाली होती.

मग बाबांनी तिला हाक मारली. ते हॉलमध्ये सोफ्यावर, म्हणजे तिच्याच अंथरुणावर बसले होते, शेजारी आई. आवाज त्यांनी मऊ केला होता. पाहुण्यांसाठीचा तोच ठेवणीतला.

"टकळे, आत्या तुझं ऐकते. तू सांगितलेलं सगळं बघते की नाही? मग हेही तूच समजावून सांग. मी अजून त्यांना नकार कळवलेला नाही. कळवणारही नाही. सकाळपर्यंत तिचं डोकं शांत होईल."

"काय सांगू?"

"हेच, की पुरुष आधी असेच असतात. जरा कडक, जरा तुटक. घरात आले, संसारात पडले, की निवळतात. हळूहळू कळतं त्यांना माणसाचं मोल. थोडा धीर धरावा लागतो बाईने."

टकळी बघतच राहिली. बाबांनी आयुष्यात एकही ड्रामा बघितला नव्हता. असले थिल्लर प्रकार बघून पोरींची डोकी फिरतात, हे त्यांचं जेवणाच्या टेबलावरचं आवडतं भाषण होतं. आणि त्यांना अख्खी गोष्ट पाठ होती. सोळाच्या सोळा एपिसोड.

"आई, तुला पण असंच वाटतं?"

आई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुझे बाबा म्हणतात त्यात चूक नाही. माणूस बदलतो."

"बाबा बदलले?"

"हा काय प्रश्न झाला?" बाबा म्हणाले.

"कुठला सीन मागे नेऊन बघशील, आई?"

आईला ग्रुपमधलं काही कळत नव्हतं, पण हा प्रश्न तिला बरोबर कळला. तिने बोटावरचं टोक सोडलं. "एकदा बसमध्ये ह्यांनी माझी पिशवी धरली होती," ती म्हणाली. "जड होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तेवढंच आहे. पुरवून पुरवून वापरते."

बाबांनी आईकडे बघितलं. त्यांना ती पिशवी आठवत नव्हती, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग ते टकळीकडे वळले आणि मऊ आवाज संपला. "हे बघ, तू हा सगळा घोळ घातलायस, तूच निस्तरायचास. आत्ताच्या आत्ता आत जायचं आणि तिला समजवायचं. नाहीतर खोली विसर. मग झोप इथेच, तुझं लग्न होईपर्यंत, फ्रिजपाशी."

फ्रिज बरोबर त्याच वेळी गुरगुरला.

टकळी उभी होती. तिने बुटांकडे बघितलं नाही, तसे पायात बूट नव्हतेच. तिने टेबलावरचा टेप उचलला, बाबांच्या हातात दिला आणि त्यांची मूठ मिटली.

"मी आत्याला काही समजावणार नाही," ती म्हणाली. "सकाळी त्यांना नकार तुम्ही कळवणार आहात. नाही कळवलात तर मी फोन करणार आहे, त्यांच्या शोरूममध्ये, आणि जे बघितलं तेही सगळं सांगणार आहे. आणि मला खोली नको. ती आत्याची आहे. आता दोघं उठा बघू माझ्या अंथरुणावरून, मला झोपायचंय."